भंगारातून मोटार घडविणारे हात

उरण तालुक्यातील द्रोणागिरीच्या पायथ्याशी एके काळी भाताची खाचरे होती आणि खाडीच्या कडेने मिठागरे होती. १९७० पासून नवी मुंबईसाठी जमिनी संपादन होऊ लागल्या. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि जेथे लावणी चालायची तेथे कंटेनरचे ट्रेलर उभे राहू लागले. ट्रेलर आले, तशी त्यांच्या मागोमाग गॅरेजे आली, टायरवाले आले, वेल्डिंगची दुकाने आली. पूर्वी ज्या घरातला मुलगा बापाबरोबर खारबांधाच्या दुरुस्तीला गेला असता, तो आता रस्त्याकडेला गॅसकटिंगच्या ठिणग्या पाहत उभा राहतो.

अशा घरांतून आम्हा कृषी विस्ताराच्या माणसांना पिकांच्या रोगाइतकाच एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘‘साहेब, पोराचे लक्ष पुस्तकात नाही आणि शेतातही नाही. सारा दिवस कुठली तरी मोडकी गाडी उघडून बसतो. जुने इंजिन आणतो, पत्रा कापतो, म्हणतो मी गाडी बनवणार. याचे करायचे काय?’’

हा प्रश्न केवळ उरणचा नाही. ऊसपट्ट्यातही तो आहे, विदर्भातही आहे. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर म्हणजे एक तर रागावणे, नाही तर ‘लग्न झाले की शहाणा होईल’ असे म्हणून सोडून देणे. पण वाचकहो, भंगारातून गाडी घडविणे हा जगात एक मान्य धंदा आहे. त्यात लोकांनी नाव कमावले, पैसा कमावला आणि काहींनी तो घालवलाही. आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही असे हात निपजले आहेत. मुलावर रागावण्यापूर्वी किंवा त्याला पैसे देण्यापूर्वी त्यांची हकीकत माहीत असावी, म्हणून हा लेख.

देवराष्ट्रेची छोटी जीप

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ मध्ये याच गावी झाला. या गावाचे नाव २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा देशभर गाजले, ते दत्तात्रय लोहार या कारागिरामुळे. लोहारकाम आणि फॅब्रिकेशन करणाऱ्या या गृहस्थांनी मुलाच्या हौसेसाठी एक लहानशी चारचाकी स्वतःच्या हाताने बनवली. जुन्या गाड्यांचे सुटे भाग, दुचाकीचे इंजिन आणि रिक्षाची चाके घेऊन त्यांनी जीपच्या तोंडवळ्याची गाडी उभी केली. खर्च आला सुमारे साठ हजार रुपये. तिला चावी फिरवून सुरू करण्याची सोय नव्हती. मोटारसायकलला मारतात तशी किक मारावी लागे. सुकाणूचे चाक डाव्या हाताला होते.

या गाडीची चित्रफीत सर्वदूर पसरली आणि उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. त्यांनी जाहीरपणे जे लिहिले त्याचा मथितार्थ असा की, ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावरून थांबवतील. पण थोड्या साधनांत जास्त काम करण्याची ही कला मोलाची आहे. लोहार यांना नवी बोलेरो द्यावी आणि त्यांची गाडी आपल्या संशोधन केंद्रात ठेवावी, अशी त्यांची इच्छा होती. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाच्या हाती पडली.

बहुतेक लोकांनी ही गोष्ट ‘नशीब उघडले’ अशी वाचली. आपण ती जरा निराळ्या नजरेने वाचू. या माणसाच्या हाताला कसब होते, हे सर्वांना पटले. आणि तरीही ती गाडी रस्त्यावर चालवता येण्यासारखी नव्हती, हेही त्याच वेळी सर्वांना मान्य करावे लागले. कौतुक आणि अडचण एकाच पत्रात आली. या दोन्ही गोष्टी मनात धरून पुढे जायचे आहे.

त्याच मुलखातले दोन जुने दाखले

देवराष्ट्रेपासून थोड्याच अंतरावर किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत असत. पुढे ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत मोडायला वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने माळरानावर कारखाना उभा राहिला. त्या नांगराने दख्खनची किती जमीन उलथली, हे आपल्या आजोबांना विचारावे लागत नाही. अजूनही कित्येक वाड्यांत तो नांगर कोपऱ्यात टेकून उभा आहे.

दुसरा दाखला इचलकरंजीचा. तेथील शंकरराव कुलकर्णी यांना १९४५ च्या सुमारास सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार करण्याचा ध्यास लागला. पहिला नमुना १९४९ मध्ये झाला. गाडीचे नाव ‘मीरा’. पुढली पंचवीसेक वर्षे ते एकामागून एक सुधारलेले नमुने करीत राहिले. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन मागच्या बाजूला, पोलादी पाट्यांऐवजी रबराची झेल, असा त्यांचा विचार होता. रेडिएटर नको, जादा पत्रा नको, वजन कमी, म्हणून पेट्रोल कमी. किंमत सुमारे बारा हजार रुपये पडेल असा त्यांचा हिशेब होता. पण परवाने, कर आणि भांडवल यांच्या कचाट्यात ‘मीरा’ कारखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी गाडी बाजारात आली आणि तो मार्गच बंद झाला.

दोघेही हाताचे पक्के, दोघेही एकाच मुलखातले. एकाला शेतकऱ्याच्या रोजच्या गरजेची वस्तू सापडली आणि राजाश्रय मिळाला. दुसऱ्याची वस्तू चांगली असूनही परवानगीच्या दारात अडली. मुलाच्या हातात कला आहे, एवढ्यावर भागत नाही. ती कला कोणत्या कामाला लावायची आणि कागदपत्र कसे पुरे करायचे, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

अमेरिकेतील शेतकऱ्यांची पोरे

जुनी गाडी घेऊन नवी घडविण्याचा नाद मुळात अमेरिकेत वाढला. त्या गाड्यांना तिकडे ‘हॉट रॉड’ म्हणतात. हेन्री फोर्ड हा स्वतः मिशिगन प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची ‘मॉडेल टी’ ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात निघत होती. तिकडच्या शेतकऱ्यांनी या गाडीकडून काय काय करून घेतले ते ऐकण्यासारखे आहे. मागचे चाक उचलून त्यावर पट्टा चढवायचा आणि लाकडे कापण्याची करवत चालवायची. जोडसामान लावून तिचा ट्रॅक्टर करायचा. आपल्याकडे डिझेल इंजिनावर कडबाकुट्टी चालते, त्यातलाच हा प्रकार.

१९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे इंजिन स्वस्त गाडीत बसवले. ते पासष्ट अश्वशक्तीचे होते, आणि एवढी ताकद तोपर्यंत श्रीमंतांच्या गाडीतच असे. काही वर्षांत या गाड्या जुन्या होऊन भंगाराच्या भावात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी त्या घेतल्या. चाकांवरचे पत्रे काढले, जड दरवाजे-टप काढले, वजन हलके केले, इंजिन उघडून त्याची ताकद वाढवली, आणि लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात कोरड्या पडलेल्या सपाट तलावांवर गाड्या पळवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून यंत्रकाम शिकून परतलेल्या जवानांची त्यांत भर पडली.

मात्र तलाव दूर होते आणि रस्ते जवळ होते. पोरे भर रस्त्यात शर्यती लावू लागली. अपघात झाले, माणसे मेली, वृत्तपत्रांत ओरड झाली. तेव्हा या मंडळींतल्याच जाणत्यांनी पुढाकार घेतला. १९३७ मध्ये तलावांवरच्या शर्यतींसाठी एक मंडळ निघालेच होते. १९४८ मध्ये या विषयाला वाहिलेले मासिक सुरू झाले. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शर्यत रस्त्यावर नाही, पाव मैलाच्या आखलेल्या पट्टीवर. आधी गाडीची तपासणी, मग परवानगी. ब्रेक धड नसेल त्याने घरी जावे, असे नियम झाले. नियम आले म्हणून नाद मेला नाही. उलट त्यातूनच धंदा उभा राहिला, कारण लोकांना आता विश्वासाने गाडी बनवून घेता येऊ लागली.

एका कारागिराची वाट

या धंद्यातले एक मोठे नाव म्हणजे बॉयड कॉडिंग्टन. त्यांचा जन्म १९४४ मध्ये आयडाहो प्रांतातील रूपर्ट या गावी झाला. आयडाहो म्हणजे अमेरिकेचा बटाट्याचा प्रांत, आणि रूपर्ट शेतीवाडीतले गाव. मुलाने यंत्रकामाची उमेदवारी केली, लेथ आणि मिलिंगवर हात बसवला. मग तो कॅलिफोर्नियात गेला आणि डिस्नेलँड या करमणुकीच्या नगरीत मशिनिस्टची नोकरी धरली. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात तो लोकांसाठी गाड्या बांधी. नोकरीचा पगार घरात येत होता, म्हणून हौसेच्या कामात घाई करावी लागली नाही. १९७८ मध्ये, हातात गिऱ्हाईक जमल्यावर, त्याने स्वतःचे दुकान काढले.

त्याच्या कामाची ओळख म्हणजे सफाई. नको असलेली प्रत्येक पट्टी, कडी, मूठ काढून टाकायची आणि गाडी नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत करायची. ॲल्युमिनिअमच्या अखंड तुकड्यातून कातून काढलेली त्याची चाके इतकी गाजली की त्यांचाच वेगळा कारखाना निघाला. १९८९ मध्ये १९४८ सालच्या कॅडिलॅकवरून त्याने एका प्रसिद्ध गिटारवादकासाठी गाडी बनवली. तिचे नाव आजही घेतले जाते. अमेरिकेतील सर्वांत सुंदर उघड्या गाडीचा मान त्याच्या दुकानाला अनेकदा मिळाला. पण १९९८ मध्ये चाकांचा कारखाना दिवाळ्यात गेला. हाताची कला कमी पडली नव्हती. व्याप वाढला आणि पैशाचे गणित हुकले. तो पुन्हा उभा राहिला, दूरदर्शनवर त्याच्या दुकानाची मालिका चालली, आणि २००८ मध्ये तो वारला.

त्याच्याच दुकानात चिप फूस हा आराखडे काढणारा तरुण होता. वडिलांच्या गॅरेजात लहानपणापासून हात काळे केलेले, आणि नंतर पॅसाडिना येथील कलाशाळेत रीतसर चित्रकला व वाहनरचना शिकलेला. पुढे तो स्वतंत्र झाला आणि गुरूइतकाच मोठा झाला. आपल्याकडचे दिलीप छाब्रिया हेही त्याच कलाशाळेचे. त्यांनी १९९३ मध्ये गाड्यांचे रूप पालटून देणारी कार्यशाळा काढली आणि २०१२ च्या दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात ‘अवंती’ ही स्पोर्ट्स गाडी मांडली. हाताबरोबर पेन्सिल चालणारा माणूस या धंद्यात पुढे जातो, हे यावरून दिसते.

गाडी घडते कशी?

हे काम जादूचे नाही. गावच्या लोहार-सुताराने जे शतकानुशतके केले, त्याचेच ते पुढचे पाऊल आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात, ते आठवा. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, जाळात लाल करायची, फुगली की चाकावर बसवून वर पाणी ओतायचे. ती आवळते आणि आरे-तुंबा सगळे घट्ट होते. इंजिनाच्या फ्लायव्हीलवर दात्यांची कडी नेमकी याच रीतीने बसवतात. ज्या लोहाराला धावेचे माप नजरेने कळे, तो नव्या कामाला परका नव्हता.

गाडी घडविण्याचा क्रम साधारण असा असतो.

पहिले काम चासीचे. जुना सांगाडा पूर्ण उघडा करून गंज खरवडतात आणि कोपऱ्याकोपऱ्यातून तिरकस मापे घेतात. दोन्ही तिरकी मापे सारखी आली तर सांगाडा चौकोनात आहे; फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढणार. शेताचा चौकोन आखताना आपण दोरीने हेच करतो.

दुसरे काम धुरा, सुकाणू आणि ब्रेक यांचे. बैलगाडी वळते तेव्हा जुवासकट सगळी वळते. मोटारीत पुढची दोन चाकेच वळतात, आणि वळणाच्या आतले चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावे लागते, कारण त्याला लहान वर्तुळ कापायचे असते. हा कोन साधला नाही तर टायर घासतात आणि वेगात गाडी ऐकत नाही. घरी बनवलेल्या गाड्यांत सर्वांत जास्त चूक येथेच होते.

तिसरे काम इंजिन आणि गिअर यांचे. हौशी पोराला इंजिन प्रथम दिसते. जाणता कारागीर ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. वीसच्या वेगाला पुरणारा ब्रेक चाळीसला पुरेल असे मानणे म्हणजे आपण होऊन विहिरीच्या काठावर झोपणे होय.

चौथे काम पत्र्याचे. यात खरी कलाकुसर. वाळूच्या पोत्यावर आणि ऐरणीवर पत्रा ठोकून गोलाई आणतात. अमेरिकेतले कारागीर टपाचे खांब चार-चार बोटे कापून टप खाली बसवतात, बॉडी सांगाड्याच्या खाली उतरवतात, म्हणजे गाडी जमिनीला चिकटल्यासारखी दिसते. काच, दार, रबर सगळे त्या मापाने पुन्हा करावे लागते. एका टपाला महिने लागतात.

शेवटी लांबी भरणे, घासणे आणि रंग. रंगाचा शेवटचा हात तासाभराचा असतो, पण त्याआधीच्या घासण्याला आठवडे जातात. पाहणाऱ्याला रंग दिसतो. गिऱ्हाईक पैसे देते ते घासण्याचे.

कायदा आणि सातबारा

आता कडू भाग. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वर्णनापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. नव्याने बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. तो खर्च एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नाही.

काही बदलांना मात्र वाट आहे. गॅसवर चालविण्याची मान्यताप्राप्त जोडणी, त्याच प्रकारचे इंजिन बदलणे, किंवा अपंग व्यक्तीला चालवता यावे म्हणून वाहनात केलेला बदल, हे आरटीओच्या मंजुरीने व नियमांत राहून करता येतात. जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम निघाले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. ती रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगी चालवायची. आणि तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कुणाच्या गोठ्यामागे आजोबांची जीप किंवा फियाट पडली असेल, तर ती कापून ‘हॉट रॉड’ करण्यापेक्षा होती तशी उभी करण्यात जास्त शहाणपण आहे.

कायद्याची भीती घालण्यासाठी हे लिहिलेले नाही. विचार करावा तो अपघाताचा. नोंदणी नाही त्या गाडीचा विमा होत नाही. परस्पर फेरफार केलेल्या गाडीचा विमा असला तरी कंपनी वाद घालते. अशा गाडीखाली रस्त्यावरचे माणूस सापडले तर भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि शेतकऱ्याकडे मालमत्ता म्हणजे जमीनच. पोराच्या हौसेची किंमत सातबाऱ्यावरून वसूल होऊ नये. ज्याचा जीव जाईल त्याच्या घरची हानी तर कशानेच भरून येत नाही.

घरच्यांनी काय करावे?

मग मुलाचे अवजार हिसकावून घ्यायचे काय? मुळीच नाही. माझ्या नोकरीत पाहिलेली गोष्ट अशी की, ज्याच्या हाताला यंत्र वश आहे अशा मुलाला केवळ शेतात जुंपले तर शेतही नीट होत नाही आणि यंत्रही सुटते. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

एक. दहावी पुरी करू द्यावी. नंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये प्रवेश घ्यावा. मोटार मेकॅनिक, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. वेल्डरचा एक वर्षाचा आहे. गॅरेजात हात बसतो, पण माप आणि नकाशा वाचणे आयटीआयमध्येच येते. कॉडिंग्टन आधी मशिनिस्ट झाला, मग गाडीवाला.

दोन. चित्रकलेला हसू नये. ज्याला बारावीपर्यंत शिकणे जमेल आणि हातात रेषा आहे, त्याला आराखड्याची वाट मोकळी आहे. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक रचनेचे केंद्र १९६९ पासून आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आपल्या गांधीनगर शाखेत वाहनरचना शिकवते. परीक्षा कठीण असते, पण ती गावच्या मुलालाही खुली आहे, आणि मुलीलाही.

तीन. पहिली गाडी बनवू द्यायचीच असेल तर तीन अटी घालाव्यात. ती गावच्या रस्त्यावर निघणार नाही. इंजिनाआधी ब्रेक बसवून गाडी ढकलून तपासली जाईल. सुकाणूच्या किंवा धुऱ्याच्या बीडच्या भागाला घरगुती वेल्डिंग होणार नाही, कारण बीड न सांगता तुटते. वेल्डिंग करताना काळी काच आणि हातमोजे असलेच पाहिजेत. पेट्रोलची टाकी जोडायला घेऊच नये. गेलेला डोळा कुठल्याही बोलेरोने परत येत नाही.

चार. खर्च वहीत लिहायला लावावा. भंगाराची किंमत, गॅस, रॉड, रंग आणि स्वतःचे तास. ज्या पोराने आपल्या कामाचे तास मोजले नाहीत, तो पुढे गिऱ्हाइकाकडून मजुरी घेताना लाजतो आणि दुकान बुडवतो.

पाच. हीच कला रोजच्या मागणीकडे वळवावी. गावात पाभर आणि कोळपे दुरुस्त करणारा, ट्रॅक्टरला लागणारे अवजार जमिनीच्या मापाने करून देणारा माणूस आज मिळत नाही. भाताच्या चिखलात चालणारे हलके यंत्र, अपंगांच्या स्कूटरला जोडचाके, फवारणीचा गाडा, जुन्या गाड्यांचे पत्राकाम, या प्रत्येकात पोट भरण्याइतके काम आहे. किर्लोस्करांच्या नांगराला लागली तशी कळ काढण्याची तयारी हवी, इतकेच. ट्रॅक्टरची ट्रॉली बनवायची तर तिच्याही नोंदणीचे नियम आधी तालुक्याला विचारून घ्यावेत.

द्रोणागिरीच्या आसपास ज्यांची खाचरे गेली, त्यांना ही गोष्ट विशेष सांगायची आहे. जमिनीचे पैसे येतात आणि पुष्कळदा शोरूमच्या चकचकीत गाडीत जातात. ती गाडी पाच-सात वर्षांत निम्म्या किमतीची होते. त्याच पैशातला थोडा भाग लेथ, वेल्डिंगचे यंत्र आणि मुलाचे शिक्षण यांत गेला, तर बंदर असेतोवर त्याला काम आहे. कारण जेथे हजारो ट्रेलर फिरतात तेथे मोडलेले जोडणाऱ्या हाताला सुट्टी नसते. हौसेची गाडी तो त्यानंतरही बनवील, आणि तेव्हा ती अधिक चांगली होईल.

घरात असा मुलगा असेल तर आज संध्याकाळी एकच करावे. त्याच्या त्या मोडक्या गाडीजवळ बसावे आणि त्याला विचारावे, ‘‘ब्रेक कुठे बसवणार आहेस, दाखव बघू.’’ उत्तर कागदावर आखून मिळाले तर पोरगा कामाचा आहे, समजावे. नुसता हवेत हात फिरवला तर कागद-पेन्सिल आणून द्यावी आणि दुसऱ्या दिवशी आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी करावी.